नोंद न झालेली परवानगी

रविवार, दुपार

प्रिय भिंगरी,

अक्षराला नावं ठेवू नकोस. बारा वर्षं बोटांना कीबोर्डशिवाय दुसरं काही माहीत नाही, त्यामुळे पेन धरलं की पहिलीतल्या पोरीसारखी जीभ बाहेर येते. ऑफिसात टाइप केलं असतं तर दहा मिनिटांत झालं असतं. पण तिथे लिहिलेलं कोण कोण वाचू शकतं हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नाही, म्हणून हा खटाटोप. खालच्या मजल्यावरचा शिंपी आज रविवार असूनही मशीन चालवतोय. बाबांच्या खोलीत मी आता इस्त्रीचे कपडे ठेवते. म्हणजे नेऊन ठेवते आणि लगेच बाहेर येते.

आपण चौदा महिने बोललो नाही. लोकांना मी सांगते की धाकटी बोलत नाही. खरं तर तुझ्यासमोर यायची माझीच छाती झाली नाही. अधिकार नसताना बाबांची फाइल उघडली म्हणून तुला हॉस्पिटलातून काढलं, आणि ज्या अहवालावरून काढलं त्यावर सही माझी होती, हे तुला माहीत आहे. त्याचा राग तू धरलास तो वाजवीच आहे. पण तुला माहीत नाही अशी एक गोष्ट आहे. ती माहीत झाली तर तुझ्यावरचा ठपका पुसला जाईल, आणि माझं काय व्हायचं ते होईल. तीच सांगायला बसले आहे. एका वाक्यात सांगता आली असती तर चौदा महिने कशाला लागले असते? मला पायरीपायरीनेच येता येतं, तेवढं सोस.

तू मला नेहमी विचारायचीस, ‘ताई, तू दिवसभर नक्की करतेस काय गं?’ आणि मी ‘तुला नाही कळायचं’ म्हणून उडवून लावायचे. बाबा त्यावर म्हणायचे, ‘ती दिवसभर कुलपं लावते आणि संध्याकाळी दमून येते.’ गंमत म्हणजे तुला बारा वर्षांत जे सांगितलं नाही ते गेल्या सोमवारी मी वीस अनोळखी माणसांना दीड तासात सांगितलं. मला विभागप्रमुख केलंय, कळलं असेलच मावशीकडून. नवीन माणसं घेतली की त्यांचा वर्ग मी घ्यायचा. कँटीनच्या मागची ती लांबोडकी खोली आठवते ना, जिथे चहाच्या भांड्यांचा आवाज येत राहतो? तिथे. विषय काय, तर संगणकात कुणाला काय उघडता यावं हे ठरवायच्या पद्धती. ऐकूनच माणसं पेंगायला लागतात, म्हणून मी घरगुती उदाहरणं देते. त्यांना सांगितलं नाही की सगळी उदाहरणं आपल्या घरातली आहेत.

पहिली पद्धत मालकाच्या मर्जीची. ज्याची वस्तू, त्याने ठरवायचं कुणाला दाखवायची. तू आठवीत असताना तुझी ती निळ्या पुठ्ठ्याची वही मला वाचायला दिलीस, फक्त मला. आणि मी ती मावशीच्या मुलीला दाखवली. आम्ही दोघी हसलो आणि तुला कळल्यावर तू दोन दिवस जेवली नाहीस. या पद्धतीचं दुखणं हेच. मालक एका माणसावर विश्वास टाकतो आणि तो माणूस वस्तू पुढे कुणाच्या हातात देईल यावर मालकाचा काही ताबा राहत नाही. वर्गात सगळे हसले. मीही हसले.

दुसरी पद्धत शिक्क्याची. इथे मर्जी कुणाचीच चालत नाही, अगदी ज्याची वस्तू त्याचीही नाही. प्रत्येक कागदावर पातळीचा शिक्का आणि प्रत्येक माणसावरही. तुझी पातळी कमी असेल तर तू कुणाचीही कोण असलीस तरी दार बंद. हे उदाहरण मी वर्गात दिलं नाही, तुला देते. आई आजारी होती तेव्हा घरातल्या मोठ्यांनी असाच शिक्का मारला होता. मी पंधराची, मला सांगायचं. तू नऊची, तुला नाही. बाबांना तुला सांगायचं होतं, पण आत्या, काका, सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं आणि बाबा त्यांच्यापुढे बोलले नाहीत. तू रोज मला विचारायचीस, आई कधी येणार, आणि मी रोज सांगायचे, बरी होऊन येणार. एकदा तू मला शपथ घ्यायला लावलीस आणि मी ती घेतली. खोटी. आई गेल्यावर तू रडण्याआधी माझ्याकडे बघितलंस. ते बघणं मी पुढे आणखी एकदा पाहिलं, ते कुठे ते पुढे येईलच.

तिसरी पद्धत पदाची, आमच्या हॉस्पिटलात मुख्य चालते ती. माणूस बघायचा नाही, पद बघायचं. बालविभागाची नर्स म्हटली की बालविभागाच्या फाइली. उद्या ती हृदयविभागात गेली की या किल्ल्या काढायच्या आणि त्या द्यायच्या. ऐकायला सोपं, पण द्यायला सगळे उत्साही असतात आणि काढून घ्यायची आठवण कुणाला राहत नाही. तुझंच बघ. तीन बदल्या झाल्या आणि तिन्ही विभागांच्या किल्ल्या तुझ्या नावावर तशाच. वर्षातून एकदा मी साफसफाई करायचे, त्यात तुझ्या दोन काढून टाकल्या. तू तणतणत वर आलीस, ‘अगं, एक फोन करून विचारायचं तरी!’ मी म्हटलं, ‘विचारून काढायला त्या काय उसन्या दिल्या होत्या?’ शेजारच्या टेबलावरचा आमचा टकलू पोट धरून हसला. मला माझ्या कडकपणाचा केवढा अभिमान होता! घरातही तेच चाललं होतं ना. बाबांना चक्कर आली एकदा, तर मी त्यांची शिडी शिंप्याला देऊन टाकली. स्कूटरची किल्ली माझ्या पर्समध्ये. गच्चीच्या दाराला कुलूप. साखरेचा डबा वरच्या फळीवर. चौतीस वर्षं लिफ्टच्या विहिरीत लोंबकळून काम केलेला माणूस, आणि मी त्याला स्टुलावर चढायची बंदी केली. तू आलीस की ते तुझ्याकडे बघून डोळे मिचकावायचे, आणि तुम्ही दोघं मला न सांगता चालायला म्हणून जायचात ते तासाभराने आइस्क्रीम खाऊन यायचात. शर्टावरच्या डागावरून मला कळायचं. मी बोलायचे नाही, पण मोजायचे मात्र.

चौथी पद्धत प्रसंगाची आहे. कोण, कुठून, कोणत्या वेळी, कशासाठी, हे सगळं जुळलं तरच दार उघडतं. तिच्यात मी शिरत नाही, तुझ्या प्रकरणात तिचा संबंध नाही. पण या सगळ्यांवर आमच्याकडे दोन अपवाद आहेत. एक तो पडद्यावरचा लाल चौकोन. जीव धोक्यात असताना उपचार करणाऱ्याने तो दाबायचा, कारण लिहायचं, फाइल उघडते आणि नंतर त्या प्रत्येक दाबण्याची तपासणी होते. दुसरा अपवाद गुलाबी फॉर्म. रुग्णाने स्वतःच्या सहीने लिहून द्यायचं की माझी फाइल अमक्याला बघू द्या, तमक्याला नको. तो आला की पद-बिद सगळं बाजूला. रुग्णाचा शब्द वरचा. फॉर्म काउंटरवर द्यायचा, गठ्ठ्याने तो माझ्या टेबलावर यायचा आणि दोन दिवसांत मी तो सिस्टीममध्ये चढवायचा.

हे सांगून झालं आणि मी विचारलं, काही शंका? मागच्या रांगेत रेकॉर्ड रूममधल्या एक बाई बसल्या होत्या. तीस वर्षं कागदी फाइली सांभाळल्या, आता निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली असताना त्यांना संगणकावर बसवलंय. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘मॅडम, कुणी चोरून उघडलं तर तुम्हाला कळतं. उघडायला गेला आणि नाही म्हटलं, तेही कळतं. पण ज्याला उघडता यायला पाहिजे होतं त्याला आपणच दिलं नाही, तर ते कुठे कळतं?’ मी म्हटलं, ‘चांगला प्रश्न आहे,’ आणि वर्ग संपवला. अजून वीस मिनिटं होती. कुठेच कळत नाही, भिंगरी. त्याची नोंदच होत नाही.

आता ऐक. बाबांनी तुला सांगितलं होतं की मी तुझ्या नावाने लिहून दिलंय, तू फाइल वाच, मला डॉक्टरांचं बोलणं समजत नाही आणि समजलं ते माझ्या तोंडून सांगवत नाही. चौकशीत तू हे सांगितलंस. ते खरं होतं. त्यांनी फॉर्म दिला होता. तो माझ्या टेबलावर आला होता.

मंगळवारची गोष्ट. गठ्ठ्यात अकरा फॉर्म होते, तो सातवा. फॉर्मवर फाइलचा नुसता क्रमांक असतो, पण मला क्रमांक बघावाच लागला नाही. आयुष्यभर ‘लिफ्ट बंद आहे’ अशा पाट्या रंगवलेल्या माणसाचं अक्षर लपत नाही. ठसठशीत, सुटं आणि वरची रेघ पट्टीने मारल्यासारखी. बाबा आजारी आहेत हे मला त्या अक्षरावरून कळलं. तीन महिने ते आमच्याच इमारतीत येत होते, मला दिसू नयेत म्हणून मागच्या फाटकाने. फॉर्म माझ्याच टेबलावर येतो हे मात्र त्यांना माहीत नव्हतं. पहिला रकाना, ‘यांना माझी फाइल पाहू द्यावी’. तिथे तुझं नाव. दुसरा रकाना, ‘यांना पाहू देऊ नये’. तिथे माझं.

मला धक्का बसायला हवा होता, काळजी वाटायला हवी होती. वाटलीही असेल, पण आधी आला तो राग. साधा, पोरकट, कपाळाची शीर उडवणारा राग. आई गेल्यापासून घर मी ओढलं. तुझ्या वेण्या मी घातल्या, तुझी फी भरायच्या रांगेत मी उभी राहिले, बाबांची औषधं, बाबांचे मोजे, बाबांचं सगळं मी केलं. आणि वेळ आली तेव्हा आइस्क्रीम खाऊ घालणारी आत आणि मी बाहेर! मी तो फॉर्म ड्रॉवरमध्ये ठेवला, स्टेपलच्या डब्यांखाली. मनात म्हटलं, उद्या बघू. फाडला नाही हं. आणि बाबांची फाइलही उघडली नाही, जरी मला ती कुणालाही न कळता उघडता आली असती. याचासुद्धा मी अभिमान बाळगला, काय सांगू तुला. मी नियम मोडला नाही, असं मी स्वतःला रोज सांगत होते.

उद्याचा परवा झाला. गुरुवारी नकारांची यादी आली. तुझ्या लॉगिनने त्या क्रमांकावर नऊ प्रयत्न. सकाळी दोन, जेवणाच्या सुट्टीत चार, ड्यूटी संपल्यावर तीन. तू दार वाजवत होतीस आणि तुझी परवानगी माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर पडली होती. बाबांनी तुला ताकीद दिली असणार की ताईला कळू द्यायचं नाही, म्हणून तू मला विचारलंही नाहीस. तेव्हाही मी ड्रॉवर उघडला नाही. शुक्रवारी साडेतीनला तू लाल चौकोन दाबलास. कारणाच्या चौकटीत लिहिलंस, ‘माझे वडील आहेत. त्यांनी लिहून दिलं आहे, तुम्ही शोधा.’

तपासणीचं काम त्या आठवड्यात माझं होतं. नात्यातलं माणूस असेल तर आपण बाजूला व्हायचं आणि दुसऱ्याने तपासायचं, हा नियमही मीच लिहिलेला. मी बाजूला झाले नाही. टकलू म्हणालाही, ‘मॅडम, हे माझ्याकडे द्या.’ मी म्हटलं, लोक म्हणतील बहिणीला वाचवलं. अहवाल मी लिहिला, एका पानाचा, एकही चूक नसलेला.

चौकशीची खोली तुला आठवतच असेल. लांब टेबल, पाच जण, आणि अध्यक्षांची ती पेनाचं टोपण टकटक करायची सवय. तू सांगितलंस की वडिलांनी फॉर्म दिला होता. बाबांनीही अंथरुणावरून चिठ्ठी पाठवली. समितीने म्हटलं, आज दिलेली परवानगी कालच्या उघडण्याला लागू होत नाही, फॉर्मची पावती आहे का? पावती द्यायची पद्धतच नव्हती. मग अध्यक्ष माझ्याकडे वळले आणि त्यांनी विचारलं, असा काही फॉर्म आहे का? मी म्हटलं, ‘सिस्टीममध्ये अशी नोंद नाही.’ त्यात एक शब्द खोटा नव्हता. तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस. नऊ वर्षांची होतीस तेव्हा बघितलं होतंस, अगदी तसंच. फॉर्म माझ्याकडे आहे हे तुला माहीत नव्हतं, तरी तू बघितलंस, आणि मी समोरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत राहिले.

बाहेर आल्यावर अध्यक्ष माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाले, ‘सख्ख्या बहिणीचीही गय केली नाहीत, याला म्हणतात निष्ठा.’ पुढे दोन महिन्यांनी मला विभागप्रमुख केलं. कुंपणानेच शेत खाल्लं आणि कुंपणाचाच सत्कार झाला. बाबा गेल्यावर तू गाव सोडलंस. मावशी सांगते, त्या वृद्धाश्रमात तू म्हाताऱ्यांची नखं कापतेस, त्यांची पत्रं वाचून दाखवतेस आणि तुझ्या येण्याच्या वेळेला दोन आजोबा मुद्दाम भांग पाडून बसतात. ऐकून हसू आलं. तुझे हात मुलांच्या विभागात होते तेव्हा रडकी पोरं गप्प व्हायची, हे त्या विभागातले लोक अजून मला सांगतात, म्हणजे मला ऐकवतात.

बाबांचे शेवटचे चार महिने माझ्याकडे गेले. तू यायचीस ती मी ऑफिसात असताना आणि मी यायच्या आत निघून जायचीस. तू येऊन गेलीस की उशी वेगळ्या बाजूला असायची. मी सगळं केलं बाबांचं, अगदी नियमाने. एका संध्याकाळी मी त्यांचे पाय दाबत होते तेव्हा ते म्हणाले, ‘माझंच काहीतरी चुकलं असणार गं. चष्मा नव्हता त्या दिवशी. चुकीच्या रकान्यात लिहिलं असेन, म्हणून त्यांनी तो फॉर्म फेकून दिला असेल. माझ्या वेंधळेपणापायी पोरीची नोकरी गेली.’ आणि मी काय म्हणाले असेन? मी म्हटलं, ‘असेल, बाबा.’ आणि पाय दाबत राहिले. त्या दोन शब्दांसाठी कुणी मला चौकशीला बोलावणार नाही. तू फाइल उघडलीस ती त्यांच्या शब्दावर. मी मात्र मरणाऱ्या माणसाला त्याचा स्वतःचा शब्द खोटा ठरवून दिला. त्यांना जाऊन दहा महिने झाले आणि एकही दिवस असा गेला नाही की मला हे आठवलं नाही. हे मी कीव यावी म्हणून लिहीत नाही.

सोमवारी वर्ग संपल्यावर मी जागेवर येऊन ड्रॉवर उघडला. फॉर्म तिथेच होता, फक्त स्टेपलच्या डब्याचा गंज त्याच्या कोपऱ्याला लागला होता. फॉर्मला मागचं पान असतं, ‘कारण, लिहायचं असल्यास’. आमच्या खात्यात ते पान कुणी वाचायचं नाही. रुग्णाचं कारण हा त्याचा खासगी मामला, आपण फक्त नावं चढवायची, हा दंडक मीच घातला आणि बारा वर्षांत हजारो फॉर्म चढवले पण एकही मागून वाचला नाही. बाबांचाही नाही. सोमवारी पहिल्यांदा वाचला. बाबांनी लिहिलंय, ‘पोरींची आई आजारी होती तेव्हा थोरलीला पंधराव्या वर्षी सगळं सांगितलं आणि धाकटीपासून लपवायला लावलं. पोर एकटी सोसत राहिली, तेव्हापासून ती मोकळी हसली नाही. मी गप्प बसलो ही माझी चूक. या वेळी तिला सगळ्यात शेवटी कळू द्या. धाकटी आता मोठी झाली आहे, ती सांभाळेल.’ एवढंच. मला त्यांनी बाहेर ठेवलं नव्हतं गं. मला त्यांनी एकदा तरी सुट्टी द्यायचं ठरवलं होतं, आणि तुला एकदा तरी पहिला मान. मी दोन्ही होऊ दिलं नाही.

आता हे पत्र का, ते. परवा, शुक्रवारी, मी अध्यक्षांना भेटले आणि तुला जे लिहिलं ते सगळं सांगून लिहून दिलं. माझ्या सगळ्या किल्ल्या टकलूच्या ताब्यात दिल्यात, माझं लॉगिन त्याने माझ्यासमोर बंद केलं आणि बिचारा माझ्याकडे बघेना. तुझं प्रकरण पुन्हा उघडतील, तुला या आठवड्यात त्यांचं पत्र येईल. परत यायचं की नाही ते तू ठरव, आणि माझ्याशी बोलायचं की नाही तेही. पण त्यांचं पत्र यायच्या आधी तुला हे माझ्याकडून कळायला हवं होतं, कारण त्यात फॉर्म सापडला एवढंच असेल, बाबा असणार नाहीत. अध्यक्षांनी प्रत ठेवून घेतली आहे. मूळ फॉर्म या पाकिटात आहे. नियमाने तो दप्तरात जायला हवा, पण मी हट्ट धरला आणि नोकरीतला तो माझा शेवटचा हट्ट असावा. बाबा जाताना तुझ्याजवळही स्वतःला दोष देऊन गेले असतील, म्हणून पुढचं पान नीट बघ. चष्मा असो नसो, त्यांनी काहीच चुकवलेलं नाही. सही जागेवर आहे, क्रमांक बरोबर आहे, पहिल्या रकान्यात तुझं नाव एका दमात लिहिलंय. दुसऱ्या रकान्यातलं माझं नाव मात्र दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलंय. ती खाडाखोड मला त्या मंगळवारीही दिसली होती.

तुझीच, अजून म्हणू देत असलीस तर,
ताई